सहलीची शिदोरी आणि वाळवलेली अळंबी

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदऱ्याकडे काजवे पाहायला जाणाऱ्यांची गर्दी उसळते. हल्ली कुटुंबेच्या कुटुंबे तंबू घेऊन जातात. अशाच एका सहलीची तयारी करणाऱ्या भगिनींनी विचारले आहे: दोन कुटुंबे मिळून आम्ही आठ माणसे, दोन रात्री तंबूत राहणार. भाज्या उन्हाने सुकतात, कुकर न्यायचा तर ओझे होते, आणि मुलांना तिन्ही त्रिकाळ शेवयांच्या पुड्या घालायच्या नाहीत. काय न्यावे? शेवटी त्या हळूच एक वाक्य लिहून जातात, की जमले तर मलाही थोडा वेळ तळ्याकाठी बसायचे आहे.

खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यातच आहे. घरची मंडळी सहलीला जातात आणि आपण मात्र घरचीच चूल दुसऱ्या गावी मांडतो, असे किती जणींचे होते! चिराचिरी, निवडानिवड, भांडी, आणि सगळ्यांचे हात धुऊन झाले तरी आपण अजून वाढतोच आहोत. म्हणून आज पदार्थ तर सांगणार आहेच, पण ते अशा बेताने, की चिरायचे-भाजायचे काम घरीच उरकावे आणि तिथे स्टोपाशी कोणीही बसू शकावे. या कामाला वाळवलेली अळंबी फार सोयीची पडते.

अळंबीच का?

ताज्या अळंबीत शंभरातले नव्वद भाग पाणीच असते. म्हणून एक किलो ताजी अळंबी वाळवली, की जेमतेम शंभर ग्रॅम उरते. आठ जणांच्या दोन रात्रींना साधारण दोन किलो ताजी अळंबी पुरते. वाळल्यावर तिचे ओझे पाव किलोपेक्षाही कमी भरते. ती नासत नाही, सांडत नाही, पिशवीत चेंगरली तरी बिघडत नाही.

दुसरे कारण इंधनाचे. उंचावर गेले, की पाणी कमी उष्णतेलाच उकळू लागते. समुद्रसपाटीला शंभर अंशांवर उकळणारे पाणी कळसूबाईच्या माथ्यावर, म्हणजे १६४६ मीटर उंचीवर, साधारण पंचाण्णव अंशांनाच उकळते. त्यामुळे हरभरे-राजमा तर सोडाच, उघड्या पातेल्यात तूरडाळसुद्धा लवकर शिजत नाही आणि गॅस मात्र जळत राहतो. अळंबीचे तसे नाही. गरम पाण्यात अर्धा तास भिजली, की दहा-बारा मिनिटांत शिजून मऊ होते. भिजत असते तेव्हा स्टो बंदच असतो.

तिसरी गोष्ट चवीची. वाळवल्यावर अळंबीचा स्वाद उतरत नाही, उलट गडद होतो, आणि ज्या पाण्यात ती भिजते तेही चवदार होते. ते फेकून देऊ नये. रश्श्याला आणि खिचडीला तेच वापरावे.

एक गैरसमज मात्र काढून टाकू या. वाळलेल्या धिंगरीत वजनाच्या मानाने डाळीसारखी प्रथिने असतात, हे खरे. पण ताटात माणशी येते ती दहा ग्रॅम. तेवढ्याने वाढत्या मुलांची भूक भागणार नाही. म्हणून अळंबी ही भाजीच्या जागी धरावी, डाळीच्या जागी नव्हे. सोबत मूगडाळ, शेंगदाणे, फुटाणे हवेतच.

घरी वाळवताना

बाजारात मिळणारी पांढरी गोल बटण अळंबी वाळवताना काळी पडते. पसरट, कानासारखी धिंगरी घ्यावी. ती उन्हात छान वाळते, आणि आपल्याकडे बरेच महिला बचत गट तिची लागवडही करतात. विकतची सुकी धिंगरी घ्यायची तर पाकिटावरची तारीख आणि अन्नसुरक्षेचा परवाना क्रमांक पाहून घ्यावी. सुटी, कुबट वासाची किंवा भुगा सांडणारी घेऊ नये. हिमाचल-काश्मीरची गुच्छी किलोला हजारो रुपये मोजून मिळते. ती घरच्या मेजवानीला ठीक, डोंगरावर कशाला?

धिंगरी पाण्यात बुचकळून धुऊ नये, नाहीतर ती पाणी धरते. ओलसर फडक्याने पुसावी, बुडखा कापून टाकावा आणि हातानेच उभ्या पट्ट्या फाडाव्यात. सुपात किंवा स्वच्छ पंचावर एकेरी पसरून वर मलमलीचा कपडा घालावा. एप्रिल-मेच्या उन्हात दोन दिवस पुरतात; आभाळ आले तर तिसरा दिवस द्यावा. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी सूप घरात आणायला विसरू नये. पट्टी वाकवली असता न वाकता कट्‌कन मोडली, की समजावे वाळली. नुसती चिवट लागली तर अजून ऊन हवे. उन्हात वाळलेल्या अळंबीत ड जीवनसत्त्वही तयार होते, हा वरचा लाभ.

पूर्ण गार झाल्यावरच घट्ट झाकणाच्या बरणीत भरावी. गरम भरली तर बरणीला आतून घाम सुटतो आणि चार दिवसांत बुरशी धरते. सहलीच्या आदल्या दिवशी मंद तव्यावर दोन-चार मिनिटे गरम करून, गार करून पुड्या बांधाव्यात.

आणखी एक काळजी. ज्यांनी आजवर अळंबी खाल्लेलीच नाही, त्यांना ती प्रथम डोंगरावर देऊ नये. एखाद्याला ती सोसत नाही, अंगावर पित्त उठते किंवा पोट बिघडते. आठ-दहा दिवस आधी घरीच थोडी करून पाहावी. कच्ची तर कोणालाच देऊ नये. काही घरांत अळंबी चालत नाही. सोबतच्या कुटुंबाला आधी विचारून घ्यावे, आणि नको असेल तर त्यांच्या वाट्याला मेथी किंवा कोबी वाळवून न्यावा. खालच्या कृती त्यानेही होतात.

पुड्या आणि चिठ्ठी

प्रत्येक जेवणाची एक मोठी पिशवी करावी आणि तिच्यात तीन लहान पुड्या घालाव्यात: एक अळंबीची, दुसरी धान्याची, तिसरी मीठ-मसाल्याची. मीठ ओल ओढून घेते, म्हणून ते अळंबीत मिसळू नये. आणि प्रत्येक मोठ्या पिशवीत एक चिठ्ठी टाकावी. काय करायचे ते तिच्यात इतके स्पष्ट लिहावे, की ज्यांनी कधी भात लावलेला नाही त्यांनाही जमावे. "चवीपुरते", "अंदाजाने" हे शब्द चिठ्ठीत नकोत, कारण अंदाज आपल्याला असतो, त्यांना नसतो.

आता तीन पदार्थ. प्रमाण चार माणसांचे दिले आहे, आठांना दुप्पट घ्यावे.

अळंबीचा रस्सा

*साहित्य:* सुकी धिंगरी चाळीस ग्रॅम (काटा नसेल तर माणशी एक मूठ), घरीच तळून कुरकुरीत केलेला कांदा अर्धी वाटी, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा कीस अर्धी वाटी, भाजलेले बेसन दोन मोठे चमचे, भाजलेले तीळ दोन लहान चमचे, कांदा-लसूण मसाला दोन लहान चमचे, हळद अर्धा लहान चमचा, मीठ दीड लहान चमचा, आमसुले तीन-चार, आणि घट्ट बुचाच्या बाटलीत तेल तीन मोठे चमचे.

*कृती:* खोबरे, तीळ आणि कांदा घरीच मिक्सरमधून भरड काढून बेसन, मसाला, हळद, मीठ त्यात मिसळून पुडी बांधावी. आमसुले याच पुडीत वर ठेवावीत. मुक्कामी अळंबीवर चार वाट्या उकळते पाणी ओतून अर्धा तास झाकावे. मग अळंबी पिळून घ्यावी आणि खालचे पाणी रुमालातून गाळावे, म्हणजे कचकच राहत नाही. तेलात अळंबी चार-पाच मिनिटे परतावी, मसाल्याची पुडी घालून अर्धा मिनिट हलवावे, लगेच गाळलेले पाणी आणि वर दोन वाट्या पाणी घालून दहा-बारा मिनिटे उकळावे. भाकरी पहिल्या रात्रीसाठी घरून न्यावी, किंवा मुक्कामाच्या गावातल्या एखाद्या घरी आधी सांगून ठेवावी. गरम भाकरी मिळते आणि त्या घरालाही चार पैसे होतात.

खिचडी

*साहित्य:* सुकी धिंगरी तीस ग्रॅम बारीक मोडून, तांदूळ दोन वाट्या, मूगडाळ एक वाटी, गोडा मसाला दोन लहान चमचे, तिखट एक लहान चमचा, हळद अर्धा लहान चमचा, मीठ अडीच लहान चमचे, मोहरी-जिरे-हिंग, तूप किंवा तेल तीन मोठे चमचे.

*कृती:* डाळ-तांदूळ घरीच निवडून, धुऊन, सावलीत कोरडे करून कढईत गरम होईपर्यंत भाजावेत. भाजल्याने ते लवकर शिजतात आणि तिथे धुण्याचे पाणीही वाचते. पुढचे सगळे चिठ्ठीवर सोपवावे. ती अशी लिहिता येईल:

"अळंबीच्या पुडीवर तीन वाट्या उकळते पाणी ओता आणि अर्धा तास झाका. पाणी गाळून बाजूला ठेवा, टाकू नका. मोठ्या पातेल्यात तूप तापवा, मोहरी-जिऱ्याची पुडी टाका. मोहरी तडतडली, की अळंबी घालून तीन मिनिटे हलवा. डाळ-तांदूळ आणि मसाल्याची पुडी घाला. गाळलेले पाणी आणि वर सहा वाट्या पाणी घाला. उकळी आली, की आच बारीक करून झाकण ठेवा. पंचवीस मिनिटांनी शीत दाबून पाहा. कच्चे असेल तर अर्धी वाटी गरम पाणी घालून आणखी पाच मिनिटे ठेवा. मध्ये दोनदा तळापासून हलवा. शिजल्यावर आईला हाक मारा, ती तळ्याकाठी आहे."

संध्याकाळचे सूप

*साहित्य:* सुकी धिंगरी वीस ग्रॅम मिक्सरमध्ये पूड करून, भाजलेली तांदळाची पिठी तीन मोठे चमचे, दुधाची पावडर चार मोठे चमचे, भाजलेल्या जिऱ्याची पूड एक लहान चमचा, मिरपूड अर्धा लहान चमचा, मीठ एक लहान चमचा, साखर चिमूटभर.

*कृती:* सगळे एकत्र करून एकच पुडी बांधावी. ही दोन-चार दिवसच ठेवायची असल्याने मीठ मिसळलेले चालते. मुक्कामी पुडी आधी एक कप गार पाण्यात कालवावी, नाहीतर गाठी होतात. मग चार कप उकळत्या पाण्यात ओतून सात-आठ मिनिटे हलवत उकळावे. चालून दमलेल्या मुलांना हे सूप आणि मूठभर शेंगदाणे दिले, की रात्रीच्या जेवणापर्यंत कुरकुर होत नाही.

मुक्कामी पाळायच्या गोष्टी

सकाळच्या चहाबरोबरच थर्मास उकळत्या पाण्याने भरून ठेवावा, म्हणजे अळंबी भिजवण्यासाठी वेगळा स्टो लावावा लागत नाही. मात्र एकदा भिजवलेली अळंबी ही ताज्या भाजीसारखीच झाली. ती लगेच शिजवावी. "सकाळीच भिजवून ठेवू, रात्री करू" असे कधी करू नये. उन्हाळ्यात तासन्‌तास भिजत पडलेल्या अळंबीत जंतू वाढतात. चीनमध्ये अशा फार वेळ भिजवलेल्या अळंबीतून गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि ते विष शिजवूनही जात नाही. उरलेला रस्साही सकाळसाठी राखू नये.

भंडारदरा-रतनगडाचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे तीन दगड मांडून, काटक्या गोळा करून चूल पेटवायला मनाई आहे, आणि मे महिन्यातले वाळके गवत एका ठिणगीने पेटते. लहान सिलेंडरचा स्टो न्यावा आणि तंबू कुठे टाकता येतो ते आधी विचारून ठेवावे. पाऊस आला म्हणून स्टो तंबूच्या आत मात्र घेऊ नये. आग लागण्याची भीती आहेच, पण कोंडलेल्या जागेत साठणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो, आणि झोपेत माणूस जागा होत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचे

आपण आठ माणसांना अळंबीचा रस्सा खाऊ घालणार. मुलांना तो आवडणार. नेमक्या त्याच दिवसांत पहिल्या सरी पडतात आणि झाडाच्या बुंध्याशी, वारुळाजवळ, गवतात पांढऱ्या छत्र्या उगवतात. सकाळी एखादे पोर ओंजळभर घेऊन धावत येईल, "आई, ही बघ ताजी अळंबी!" तेव्हा काय करायचे, ते निघण्यापूर्वीच ठरवून मुलांना सांगून ठेवावे. रानातली अळंबी तोडायची नाही, पातेल्यात टाकायची नाही, आणि हात लावला तर साबणाने धुवायचे.

यात कौतुकापोटीही सूट देऊ नका. एप्रिल २०२२ मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांत बहुतेक चहामळ्यातल्या कामकऱ्यांच्या घरचे होते, आणि एक लहान मूलही होते. ती माणसे रानाला अनोळखी नव्हती.

जुन्या खुणांवरही विसंबू नये. विषारी अळंबीत चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळी होते, किड्याने खाल्लेली असली तर चालते, खळखळून उकळले की विष जाते, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. सर्वात घातक विष उकळण्याने मुळीच जात नाही, आणि चवीलाही कळत नाही. कोकणात, गोव्यात वारुळावरची अळंबी आवडीने खातात, विदर्भात तिला सात्या म्हणतात, हे खरे. पण ते लोक तेच वारूळ आणि तीच जागा पिढ्यान्‌पिढ्या ओळखून असतात. शहरातून दोन दिवस आलेल्या आपल्याला ती ओळख पुस्तकातल्या किंवा मोबाइलमधल्या चित्रावरून येणार नाही.

चुकून कोणाच्या पोटात गेलीच, तर त्रास होण्याची वाट पाहत बसू नये. घातक अळंबीचा त्रास बहुधा सहा ते बारा तासांनी, कधी त्याहूनही उशिरा सुरू होतो. उलट्या-जुलाब होतात, मग थांबतात, दुसऱ्या दिवशी बरे वाटू लागते. घरचे म्हणतात, गेले वाटते! आणि तेवढ्या वेळात आतून यकृत निकामी होत असते. म्हणून लगेच १०८ क्रमांकावर फोन करून किंवा मिळेल त्या गाडीने मोठे रुग्णालय गाठावे. उरलेली अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. डॉक्टरांना तिचा उपयोग होतो. घरगुती काढे, ताक, मिठाचे पाणी यांत वेळ घालवू नये.

एवढे एक पथ्य पाळले, तर बाकी सहल मजेची आहे. पुड्या बांधायला एक दुपार लागेल. त्या दुपारी मुलांनाही हाताशी घ्या, चिठ्ठ्या त्यांच्याच अक्षरात लिहून घ्या. स्वतःच लिहिलेली चिठ्ठी त्यांना मुक्कामी वाचावीशी वाटते, आणि दोन मुलांनी बाबांना हाताशी धरून केलेल्या खिचडीला नावे ठेवायची कोणाची छाती होत नाही. थोडी खाली लागली तरी लागू द्या. उठून बघायला जाऊ नका. काजवे झाडावर लुकलुकू लागतात ते अंधार पडल्यावर, नेमके जेवणाच्या वेळी. यंदा ते तुम्हीही पाहा.

पुढील आठवड्यात: कुरडया-पापड पावसाळ्यात सादळू नयेत म्हणून काय करावे?